एका कोंबाचे अनेक कोंब : ऊतिसंवर्धनातील पूरक रसायनांचे कार्य

केळीची बाग लावणाऱ्या शेतकऱ्याला पूर्वी सर्वस्वी मुनव्यांवर अवलंबून राहावे लागे. निरोगी झाडाच्या बुंध्याशी फुटलेले, तलवारीसारख्या अरुंद पानांचे मुनवे खणून काढावयाचे, त्यांच्या मुळ्या छाटावयाच्या आणि कंद नव्या शेतात लावावयाचे, ही पद्धत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असून आजही ती अनेक ठिकाणी प्रचलित आहे. तथापि, तिच्यात दोन मोठ्या उणिवा आहेत. एका झाडापासून मिळणारे मुनवे मोजकेच असतात; आणि मूळ झाडाला जडलेला विषाणू, कंदात शिरलेली सोंडकीड व मुळांतील सूत्रकृमी मुनव्याबरोबरच नव्या शेतात प्रवेश करतात. ह्या दोन्ही अडचणींवर ऊतिसंवर्धनाने उपाय दिला. जळगाव जिल्ह्यासारख्या केळी पिकविणाऱ्या भागात ‘टिश्यू कल्चरची रोपे’ हा शब्दप्रयोग आता घरोघरी रुळला आहे.

काचेच्या बरणीत, मातीवाचून आणि उन्हावाचून वाढणारे हे इवलेसे रोप पाहिले म्हणजे ते कशावर वाढते, असा प्रश्न सहजच पडतो. त्याचे साधे उत्तर म्हणजे साखर, खनिज क्षार, जीवनसत्त्वे आणि पाणी. परंतु एवढ्याने तुकडा फार तर जिवंत राहतो. त्याला कोंब फुटतीलच असे नाही. कोंब फुटण्यासाठी त्या मिश्रणात आणखी काही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात घालावी लागतात. एका लिटरमध्ये काही मिलिग्रॅम एवढेच त्यांचे प्रमाण असते; पण रोपे किती मिळतील, ती कोणत्या प्रतीची निघतील आणि त्यांची किंमत काय पडेल, हे बऱ्याच अंशी त्यांवर ठरते. ही द्रव्ये कोणती, ती नेमके काय करतात आणि त्यांचा वापर कोठे थांबविला पाहिजे, ह्याची माहिती रोपे तयार करणाऱ्यांइतकीच ती घेणाऱ्यांनाही असणे हितावह आहे.

पेशीतील सुप्त सामर्थ्य

वनस्पतीच्या प्रत्येक जिवंत पेशीत संपूर्ण वनस्पती घडविण्याचे सामर्थ्य सुप्त असते, ही कल्पना ऑस्ट्रियातील वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट ह्यांनी १९०२ साली मांडली. पानातील सुट्या पेशी पोषक द्रवात वाढविण्याचे प्रयोगही त्यांनी केले. त्या पेशी काही काळ जगल्या, पण त्यांचे विभाजन झाले नाही. कल्पना योग्य होती. मात्र पेशीला विभाजनाचा आदेश देणारी द्रव्ये त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हती.

पुढील अर्धशतकात ही द्रव्ये एकामागून एक हाती आली. त्यांतील एका शोधाचे कोकणातील वाचकांना विशेष कौतुक वाटेल. १९४१ साली योहानेस व्हॅन ओव्हरबीक व त्यांच्या सहकाऱ्यांनी धोत्र्याचे अतिशय कोवळे भ्रूण वाढविण्यासाठी माध्यमात नारळाचे पाणी घातले आणि एरवी मरून जाणारे ते भ्रूण वाढू लागले. नारळाचे पाणी हे नारळातील भ्रूणाचे निसर्गदत्त अन्नच असल्यामुळे ही युक्ती सफल झाली. १९५८ साली एफ. सी. स्टुअर्ड ह्यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात नारळपाणी घातलेल्या माध्यमात गाजराच्या मुळातील पेशी वाढवून त्यांपासून संपूर्ण रोपे मिळविली आणि हाबरलांट ह्यांचे भाकीत खरे ठरले.

नारळपाण्यात मात्र एक अडचण आहे. कोवळ्या शहाळ्याचे पाणी आणि पक्क्या नारळाचे पाणी एकसारखे नसते. झाडागणिक आणि ऋतूगणिकही त्याची घटना बदलते. म्हणूनच, आज मिळालेले यश उद्या तसेच मिळेल, ह्याची खात्री देता येत नाही. ह्या मिश्रणातील नेमके कोणते द्रव्य काम करते, ते शोधून शुद्ध स्वरूपात आणि मोजून वापरणे हाच पुढील मार्ग होता.

दोन संजीवकांचा तोल

शेवंती किंवा झेंडूचे शेंडे खुडले असता बगलेतील डोळे जागे होऊन फुटवे वाढतात, आणि हरभऱ्याचे शेंडे खुडले म्हणजे घाटे वाढतात, हे शेतकऱ्याला परंपरेने माहीत आहे. ह्यामागील कारण असे की, शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन नावाचे संजीवक खाली उतरत असताना बगलेतील डोळ्यांना दबवून ठेवते. शेंडा गेला की हा दाब उठतो. ह्याउलट, सायटोकायनिन ह्या दुसऱ्या वर्गातील संजीवके डोळ्यांना फुटण्यास प्रवृत्त करतात. वनस्पतीचा आकार बऱ्याच अंशी ह्या दोन परस्परविरोधी शक्तींच्या तोलावर अवलंबून असतो.

हा तोल प्रयोगशाळेत हवा तसा झुकविता येतो, हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्के स्कूग व कार्लोस मिलर ह्यांनी १९५७ साली तंबाखूच्या खोडातील गाभ्यावर प्रयोग करून दाखवून दिले. त्याआधी १९५५ साली त्यांच्याच गटाने कायनेटिन हे पहिले सायटोकायनिन वेगळे केले होते. माध्यमात कायनेटिन अधिक आणि ऑक्सिन कमी ठेवले, तर तुकड्याला कोंब फुटले. ऑक्सिन अधिक आणि कायनेटिन कमी ठेवले, तर मुळे फुटली. दोहोंचे प्रमाण मध्यम ठेवले, तर कोंबही नाही आणि मूळही नाही, अशी पेशींची आकारहीन गाठ वाढत राहिली. ह्या गाठीला ‘किण’ असे म्हणतात. १९६२ साली तोशिओ मुराशिगे आणि स्कूग ह्यांनी खनिज क्षारांचे जे सूत्र प्रसिद्ध केले, ते जगभरच्या प्रयोगशाळांत आजही पायाभूत मानले जाते.

केळीच्या रोपांसाठी सामान्यतः हेच सूत्र वापरतात. एक लिटर माध्यमात ३० ग्रॅम साखर व सुमारे ५ मिलिग्रॅम बेंझिल अॅडेनाइन हे सायटोकायनिन घातले असता मुनव्याच्या शेंड्याभोवती कोंबांचा झुबका तयार होतो. हे कोंब सुटे करून नव्या बरणीत घालावयाचे आणि पुन्हा झुबका होऊ द्यावयाचा, असे फेरे चालतात. पुरेसे कोंब झाले की सायटोकायनिन काढून घेऊन इंडोल ब्युटिरिक आम्लासारखे ऑक्सिन दिले जाते आणि मुळे फुटतात.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. शेंड्यातील वा बगलेतील मूळचेच डोळे जागे करून कोंब वाढविणे हा एक मार्ग होय. विक्रीसाठी रोपे तयार करताना बहुतांशी ह्याच मार्गाचा अवलंब केला जातो, कारण त्यात मूळ वाणाचे गुण टिकून राहण्याची शक्यता अधिक असते. जेथे डोळाच नाही अशा पानाच्या, खोडाच्या किंवा किणाच्या पेशींतून नवा कोंब घडविणे हा दुसरा मार्ग होय. हा मार्ग अधिक बिकट आहे. पण नव्या जनुकाचा समावेश करून वाण सुधारावयाचा असेल, तर त्यावाचून गत्यंतर नसते. भारतात २००२ साली लागवडीस मान्यता मिळालेल्या बीटी कापसाचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. कापसाच्या बहुतेक वाणांच्या पेशींतून पूर्ण झाड उभे राहणे कठीण असल्याने नवे जनुक प्रथम ‘कोकर ३१२’ ह्या अमेरिकन वाणात घालण्यात आले आणि तेथून संकराद्वारे ते अन्य वाणांत आणावे लागले. तूर व हरभरा ही कडधान्येदेखील प्रयोगशाळेत अशीच हट्टी मानली जातात.

संजीवकांचा तोल साधूनही कोंब फुटत नाहीत, तेव्हा मध्ये कोठेतरी अडसर असतो. पूरक रसायनांचे खरे काम हा अडसर दूर करणे, हे होय.

बरणीत कोंडलेला वायू

आंब्याची अढी घालताना पेंढ्यात आंबे झाकून ठेवतात. एक-दोन फळे पिकू लागली की शेजारची फळेही भराभर पिकतात. पिकणाऱ्या फळातून बाहेर पडणाऱ्या इथिलीन ह्या वायूचा हा परिणाम असतो. ह्या वायूचा वनस्पतीवर होणारा प्रभाव रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्यूबोव ह्यांनी १९०१ साली प्रथम दाखविला. दिव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कोळशाच्या वायूच्या सान्निध्यात वाटाण्याची रोपे आखूड, जाड आणि आडवी वाढत होती; त्या वायूतील इथिलीन त्याला कारणीभूत होते.

कापलेला किंवा जखम झालेला वनस्पतीचा भागही इथिलीन सोडतो. शेतात तो वाऱ्यावर विरून जातो. परंतु ऊतिसंवर्धनाच्या बरणीचे तोंड निर्जंतुकतेसाठी बंद असते. तुकडा ताजा कापलेला असतो आणि वायूला जाण्यास वाट नसते. अढीत जे घडते, तेच बरणीतही घडते. फरक इतकाच की, अढीत हा वायू उपकारक ठरतो, तर बरणीत तो अनेक वनस्पतींत कोंब फुटण्याच्या आड येतो.

ह्यावर उपाय सापडला तो चांदीच्या क्षारात. चांदीचे आयन इथिलीनचा प्रभाव रोखतात, असे बायर ह्या अमेरिकन संशोधकाने १९७६ साली दाखविले. १९८७ साली गव्हाच्या आणि तंबाखूच्या जातकुळीतील एका वनस्पतीच्या किणावर सिल्व्हर नायट्रेटचा वापर केला असता कोंब फुटण्याचे प्रमाण वाढल्याचे प्रसिद्ध झाले. १९९०च्या सुमारास मोहरीवर्गीय पिकांतही असाच अनुभव आला. ही पिके पूर्वी कोंब देण्यास फार नाखूश समजली जात. आता एका लिटरमध्ये साधारणतः १ ते १० मिलिग्रॅम एवढ्या मर्यादेत सिल्व्हर नायट्रेटचे प्रयोग अनेक वनस्पतींवर केले जातात.

चांदी हे काम कसे करते, ह्याचाही उलगडा झाला आहे. इथिलीनचा संदेश घेणाऱ्या प्रथिनात तांब्याचा अणू असतो, असे १९९९ साली सिद्ध झाले. तांब्याच्या जागी चांदी जाऊन बसली म्हणजे वायू असूनही त्याचा संदेश पेशीपर्यंत पोहोचत नाही. कुलपात दुसरीच किल्ली अडकवून ठेवावी, तसा हा प्रकार होय. कोबाल्ट क्लोराइडची रीत वेगळी आहे. ते इथिलीनच्या निर्मितीच्या शेवटच्या टप्प्यातच अडथळा आणते. एक द्रव्य वायूचा संदेश थोपविते, तर दुसरे वायूच तयार होऊ देत नाही.

सिल्व्हर नायट्रेट वापरताना शाळेतील रसायनशास्त्राचा एक धडा उपयोगी पडतो. क्लोराइड असलेल्या द्रावणात ते टाकले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका तयार होतो, हे माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना ठाऊक असते. संवर्धनाच्या माध्यमातही क्लोराइडचे क्षार असतात. शिवाय, हे द्रव्य उजेडाने काळे पडते. म्हणून त्याचे द्रावण गडद रंगाच्या बाटलीत ठेवतात आणि माध्यम तापवून निर्जंतुक केल्यानंतर, सूक्ष्म गाळणीतून गाळून, ते शेवटी मिसळण्याची पद्धत आहे. चांदी ही जड धातूंपैकी असल्याने तिचा अतिरेक पेशींना मारक ठरतो. तसेच उरलेले माध्यम उघड्या गटारात सोडणेही योग्य नव्हे.

काळे पडणारे तुकडे

केळफुलाची भाजी करणारी गृहिणी चिरलेले केळफूल ताकाच्या पाण्यात बुडवून ठेवते, कारण उघडे राहिल्यास ते काळे पडते. प्रयोगशाळेत केळीच्या कंदाचा तुकडा कापल्याबरोबर नेमके हेच घडते. कापलेल्या पेशींतून फिनॉल वर्गातील द्रव्ये बाहेर पडतात, हवेतील प्राणवायूशी त्यांचा संयोग होतो आणि तयार होणारी काळपट द्रव्ये तुकड्याला व माध्यमाला विषारी बनवितात. केळी, आंबा, साग, डाळिंब ह्यांसारख्या वनस्पतींत तर अनेकदा पहिल्या काही दिवसांतच तुकडा मरून जातो.

गृहिणीचा उपाय आणि प्रयोगशाळेचा उपाय ह्यांत तत्त्वतः फरक नाही. तुकडे काही काळ अॅस्कॉर्बिक आम्ल म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व आणि सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबाचे आम्ल ह्यांच्या द्रावणात ठेवतात, किंवा ही द्रव्ये माध्यमातच मिसळतात. पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन हे द्रव्य फिनॉलना बांधून ठेवते. ह्यांखेरीज, तुकडा वरचेवर ताज्या माध्यमात हलविणे आणि सुरुवातीला अंधारात ठेवणे, हे बिनखर्चाचे उपायही परिणामकारक ठरतात.

सक्रिय कोळशाचा वापर ह्याच हेतूने होतो. त्याच्या सच्छिद्र पृष्ठभागावर घातक द्रव्ये चिकटून बसतात आणि माध्यम स्वच्छ राहते. मात्र कोळसा घातक आणि उपयुक्त असा भेद करीत नाही. घातलेली संजीवकेही तो शोषून घेतो. त्यामुळे कोंब वाढविण्याच्या टप्प्यात तो अविचाराने घातल्यास कोंबांची संख्या घटते. उलट, मुळे फुटण्याच्या टप्प्यात हाच दोष गुण ठरतो, कारण कोंबात शिल्लक राहिलेल्या सायटोकायनिनचा प्रभाव त्यामुळे कमी होतो आणि माध्यम काळे झाल्याने मुळांना हवा असलेला अंधारही मिळतो. एकच द्रव्य एका टप्प्यात साधक आणि दुसऱ्या टप्प्यात बाधक कसे ठरते, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

अन्य काही द्रव्ये

इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग येथील संशोधकांनी १९७६ साली सफरचंदाच्या कोंबांची वाढ फ्लोरोग्लुसिनॉल ह्या द्रव्याने सुधारते, असे दाखविले. त्यानंतर अनेक काष्ठमय वनस्पतींवर त्याचे प्रयोग झाले. अॅडेनाइन सल्फेटचा इतिहास त्याहूनही जुना आहे. स्कूग ह्यांनी १९४८ सालीच अॅडेनाइनमुळे तंबाखूला कोंब फुटत असल्याचे पाहिले होते. सायटोकायनिनला साहाय्यक म्हणून त्याचा वापर आजही केला जातो. पुट्रेसीन व स्पर्मिडीन ही पॉलिअमाइन वर्गातील द्रव्येही काही वनस्पतींत उपयुक्त ठरली आहेत. वनस्पतीच्या पेशीत स्पर्मिडीनसारखी पॉलिअमाइने आणि इथिलीन ही एकाच पूर्वद्रव्यापासून तयार होत असल्याने दोहोंचा परस्परांशी निकटचा संबंध आहे.

काही वेळा नव्या द्रव्याची गरजच नसते. आहे त्याचेच प्रमाण बदलणे पुरेसे होते. मुराशिगे-स्कूग सूत्रात कॉपर सल्फेट म्हणजे मोरचूद एका लिटरला केवळ ०.०२५ मिलिग्रॅम एवढा असतो. गहू आणि सातू ह्यांच्या किणासाठी हे प्रमाण अनेक पटींनी वाढविले असता कोंब अधिक मिळतात, असे १९९०च्या दशकातील प्रयोगांत आढळून आले. तंबाखूसाठी बेतलेले सूत्र प्रत्येक पिकाला जसेच्या तसे मानवेल, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती.

थायडायझुरॉन ह्या द्रव्याची कथा तर अधिकच मनोरंजक आहे. कापसाच्या वेचणीपूर्वी झाडाची पाने गळावीत, ह्यासाठी ते तयार करण्यात आले होते. १९८२ साली ते सायटोकायनिनप्रमाणे कार्य करते, असे प्रसिद्ध झाले. अत्यल्प प्रमाणातही ते इतके प्रभावी असते की, बेंझिल अॅडेनाइनला दाद न देणाऱ्या काही वृक्षवर्गीय वनस्पतींनाही त्याने कोंब फुटतात. मात्र प्रमाण थोडे अधिक झाले अथवा मुदत वाढली, तर कोंब आखूड व चपटे होतात आणि त्यांना मुळे फुटणे कठीण जाते.

चक्रवाढीचा हिशेब

एवढ्या बारकाव्यांत शिरण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न उद्भवेल. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. समजा, एका कोंबापासून प्रत्येक फेऱ्यात ३ कोंब मिळतात. पाच फेऱ्यांनंतर एका कोंबाचे २४३ कोंब होतील. योग्य पूरक द्रव्याने हेच प्रमाण ३ वरून ४ वर गेले, तर तेवढ्याच फेऱ्यांत १,०२४ कोंब हाती येतील. प्रत्येक फेऱ्यात केवळ एक कोंब अधिक; पण अखेरीस चौपटीहून जास्त रोपे. वीज, मजुरी, काचसामान आणि वातानुकूलन ह्यांवरील खर्च मात्र बहुतांशी फेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. प्रत्यक्षात काही तुकडे बुरशीने वा जिवाणूंनी वाया जातात, त्यामुळे एवढे पूर्ण आकडे कधी मिळत नाहीत. तथापि, हिशेबाचे तत्त्व बदलत नाही. रोप स्वस्त होण्याचा मार्ग ह्याच गणितातून जातो.

परंतु चक्रवाढ केवळ नफ्याचीच होते असे नाही, दोषाचीही होते. पहिल्या फेऱ्यात एखाद्या कोंबात विकृती शिरली, तर त्याची सारी संतती विकृत निघते. म्हणूनच कोंबांची संख्या हे यशाचे एकमेव माप मानणे धोक्याचे आहे.

अतिरेकाचे मोल

ऊतिसंवर्धनातून आलेल्या रोपांत कधीकधी मूळ वाणाहून भिन्न गुण दिसतात. १९८१ साली लार्किन व स्कोक्रॉफ्ट ह्या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी ह्या भेदाला स्वतंत्र नाव देऊन त्याकडे जगाचे लक्ष वेधले. संजीवकांचे वाढीव प्रमाण, अतिशय जास्त फेरे आणि किणाच्या मार्गाने केलेली वाढ, ही त्याची प्रमुख कारणे समजली जातात. केळीच्या कॅव्हेंडिश गटातील वाणांत, ज्यात ग्रँड नैन मोडते, सर्वांत अधिक आढळणारा दोष म्हणजे झाड खुजे राहणे. काही झाडांची पाने जाड, अरुंद वा पट्टेदार निघतात.

मलेशियातील तेलमाडाचा अनुभव ह्याहून कठोर आहे. उत्तम झाडांपासून ऊतिसंवर्धनाने तयार केलेली रोपे तेथे लावण्यात आली. रोपे वरकरणी निर्दोष होती. पण काही वर्षांनी झाडे फुलू लागली, तेव्हा काहींची फुले व फळे विकृत असल्याचे दिसून आले. १९८०च्या दशकात नोंदल्या गेलेल्या ह्या विकृतीचे कारण सापडण्यास २०१५ साल उजाडले. पेशीतील एका विशिष्ट जनुकीय घटकावरची रासायनिक खूण संवर्धनाच्या काळात पुसली गेल्यामुळे हे घडते, असे त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून निष्पन्न झाले. जनुकातील अक्षरे तीच राहिली होती. त्यांच्या वाचनात फरक पडला होता.

सायटोकायनिनच्या अतिरेकाचा आणखी एक परिणाम बरणीतच दिसतो. कोंब काचेसारखे पारदर्शक, ठिसूळ व पाण्याने फुगलेले होतात. मोजदादीत ते कोंब म्हणूनच गणले जातात. पण मातीत लावल्यावर त्यांपैकी फारच थोडे तग धरतात.

प्रयोगाची शिस्त

ह्या सर्वांवरून असे दिसते की, कोणतेही पूरक द्रव्य सर्व पिकांना लागू पडणारी संजीवनी नव्हे. मोहरीला मानवलेली चांदी दुसऱ्या पिकाला निरुपयोगी ठरू शकते. एकाच पिकाच्या दोन वाणांतही फरक पडतो. म्हणून प्रथम अडसर कोणता ते ओळखावे आणि मग त्यावरील द्रव्य निवडावे, हा क्रम महत्त्वाचा आहे. तुकडा काळा पडत असेल, तर चांदीचा उपयोग नाही. वायू कोंडला असेल, तर लिंबाच्या आम्लाने कोंब फुटणार नाहीत.

चांगल्या प्रयोगात पूरक द्रव्य न घातलेल्या बरण्यांचा एक गट तुलनेसाठी नेहमी ठेवलेला असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलली जाते आणि द्रव्याची चार-पाच वेगवेगळी प्रमाणे तपासली जातात. नोंदीही केवळ कोंबांच्या संख्येच्या नसतात. शंभर तुकड्यांपैकी किती तुकड्यांना कोंब फुटले, दर तुकड्यामागे किती फुटले, त्यांची लांबी किती, त्यांना मुळे किती दिवसांत आली, मातीत गेल्यावर किती जगली आणि शेतात किती रोपे मूळ वाणासारखीच निघाली, अशी ही साखळी आहे. शेवटच्या कडीपर्यंत जे द्रव्य टिकते, तेच खरे उपयुक्त.

भारतीय प्रयोगशाळांनी ह्या क्षेत्रात मोलाची भर घातली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सागाच्या झाडापासून ऊतिसंवर्धनाने रोपे तयार करण्याचे काम १९८० साली प्रसिद्ध केले. याच प्रयोगशाळेत नारळपाणी व सायटोकायनिन असलेल्या माध्यमात बांबूला बरणीतच फुले आल्याचे १९९० साली जाहीर झाले, तेव्हा त्याची जगभर चर्चा झाली. कारण बांबूला फुलोरा येण्यास एरवी कित्येक दशके वाट पाहावी लागते. पुण्याजवळच्या मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने उसाच्या बेण्यासाठी ह्याच तंत्राचा अवलंब केला आहे.

प्रयोगशाळेतून शेताकडे

शेतकऱ्याच्या दृष्टीने प्रश्न बरणीतील कोंबांचा नसून शेतातील घडांचा आहे. दीड मीटर बाय दीड मीटर अंतराने केळी लावली, तर एका हेक्टरात सुमारे ४,४४४ रोपे बसतात. त्यांतील शंभरी पाच रोपे जरी भिन्न निघाली, तरी २२२ झाडांचे खत, पाणी आणि वर्षभराची मेहनत वाया जाते. विषाणूग्रस्त रोपांचे नुकसान तर शेजारच्या बागांपर्यंत पोहोचते. जळगाव भागात ‘हरण्या’ ह्या नावाने ओळखला जाणारा रोग काकडीवर्गीय पिकांवरील मोझॅक विषाणूमुळे होतो आणि मावा कीड तो पसरविते. ऊतिसंवर्धनाने रोप आपोआप विषाणूमुक्त होते, हा समज बरोबर नाही. मूळ झाडाची चाचणी केली नसेल, तर निरोगी कोंबाप्रमाणेच रोगट कोंबाचीही बरणीत तितक्याच वेगाने वाढ होते.

ह्याच जाणिवेतून केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली ऊतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन पद्धती सुरू केली. तिच्या अंतर्गत रोपे तयार करणाऱ्या संस्थेला मान्यता घ्यावी लागते आणि रोपांच्या तुकडीची विषाणूंसाठी व वाणाच्या शुद्धतेसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी होते. शेतकऱ्यांना रोपे खरेदी करताना सल्ला देणारे ग्रामसेवक, कृषी सहायक आणि पंचायत सदस्य ह्यांनी काही साधे प्रश्न विचारण्यास हरकत नाही. रोपे तयार करणारी संस्था मान्यताप्राप्त आहे काय? ह्या तुकडीचे प्रमाणपत्र आहे काय? मूळ झाड कोठले होते आणि त्याची विषाणू चाचणी झाली होती काय? रोपे पुरेसे आठवडे सावलीच्या जाळीखाली ठेवून कणखर केली आहेत काय? बरणीतील दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पुरेसा नसतो; ती घाईने उन्हात गेली तर करपतात. लावणीच्या वेळी रोप साधारण एक फूट उंच आणि पाच-सहा निरोगी पानांचे असावे. लावणीनंतर भिन्न दिसणारे रोप वेळीच उपटून टाकावे आणि रोपांची पावती व प्रमाणपत्र हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. सामूहिक खरेदी करणाऱ्या गटांनी तर ही कागदपत्रे दप्तरी ठेवणे अगत्याचे आहे.

शिक्षकांनाही ह्या विषयातून वर्गात बरेच काही दाखविता येईल. पिकलेल्या केळ्याबरोबर कच्ची केळी कागदी पिशवीत बंद करून ठेवणे आणि तशीच काही केळी उघड्यावर ठेवणे, हा इथिलीनचा प्रयोग होय. झेंडूच्या काही रोपांचे शेंडे खुडून काहींचे न खुडणे, हा ऑक्सिनचा प्रयोग होय. चिरलेल्या वांग्याचा एक तुकडा लिंबाच्या पाण्यात व दुसरा हवेत ठेवणे, हा फिनॉलचा प्रयोग होय. एका लिटरमधील काही मिलिग्रॅम द्रव्य हजारो रोपांचे भवितव्य कसे ठरविते, हे ह्या तीन प्रयोगांनंतर विद्यार्थ्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

हाबरलांट ह्यांनी पेशीच्या सामर्थ्याची कल्पना मांडून एका शतकाहून अधिक काळ लोटला आहे. पेशीला हे सामर्थ्य बाहेरून द्यावे लागत नाही. रसायने केवळ तिच्या मार्गातील अडथळे दूर करतात. ही रसायने मोजून, पारखून आणि योग्य टप्प्यावर थांबवून वापरली, तर सकस, एकसारखी व परवडणारी रोपे लहान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचू शकतात. किती कोंब फुटले, ह्यापेक्षा त्यांतील किती कोंब शेतात खरे उतरले, ह्यावरच ह्या तंत्राचे मोल अखेर ठरणार आहे.